उभ्या गाडीतली गाणी

"हे बघ, ही गाणी जपून ऐक," असं मावसबहिणीनं फोनवर चांगलं बजावलं होतं. "एका वेळी एक. आणि एकटी असशील तेव्हा तर मुळीच नको. बाकीची गाणी पाहुण्यांसारखी असतात, चहा पितात आणि उठतात. ही पोटभाडेकरू आहेत. एकदा आत शिरली की वळकटी पसरतात, आणि वर तुलाच म्हणतात, जरा सरकून बस."

दक्षतानं ते हसण्यावारी नेलं. त्या वेळी तिच्या कडेवर मूल होतं, गॅसवर दूध होतं आणि फोन खांदा नि गाल यांच्यामध्ये अडकवलेला होता. अशा बाईला गाण्यांची भीती घालणं म्हणजे गळ्यापर्यंत पुरात उभ्या असलेल्या माणसाला "सर्दी होईल हं" म्हणण्यासारखं आहे. "पाठव गं," ती म्हणाली, आणि दूध उतू गेलं.

दक्षता हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव बरंच नाजूक आहे. पण बाळ झाल्यावर नवऱ्यानं तिला ही पदवी दिली आणि घरात ती बिनविरोध मंजूर झाली. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना, हे ती बघायची. चालू असला की इतका जोरात का चालू आहे, हे बघायची. आंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवायची, मग खात्रीसाठी नवऱ्याचं. खेळण्यांचे डोळे निघून बाळाच्या घशात जातात असं कुठंतरी वाचल्यापासून ती प्रत्येक डोळा ओढून बघायची, आणि निघत नाही अशी खात्री होईपर्यंत ओढत राहायची. त्यापायी दोन अस्वलं आणि एक ससा कायमचे आंधळे झाले.

बाळाला सगळे बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांचा दुपारच्या झोपेचा नियम कडक होता. झोपणार ती आईच्या खांद्यावर, आणि आई उभी असेल तरच. आईनं बसायचा नुसता विचार जरी केला तरी डोळे टक्क उघडायचे. त्यामुळे दक्षता रोज दुपारी खिडकीपाशी उभी राहून, नांगरलेल्या होडीसारखी, जागच्या जागी डुलत असायची. वायरवाल्या इयरफोनचा डावा बोंडू कानात, उजवा खाली लोंबकळतोय. उजवा कान बाईसाहेबांच्या नाकाशी ड्यूटीवर असायचा. रजा काय ती डाव्या कानाला.

त्या डाव्या कानातून ही गाणी घरात शिरली.

मावसबहिणीनं सांगितलं होतं की कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गाणी, आणि अमेरिकाना म्हणजे त्याच गाण्यांची शिकलीसवरलेली धाकटी बहीण, जी शहरात राहून गावाकडे मान वळवून बघते. दक्षताची कल्पना अशी की आता मोठाल्या टोप्या येणार, घोडे येणार, कुणीतरी कुणालातरी "हो" करून हाक मारणार. घोडा कुठंच नव्हता. एक दाढीवाला वेल्डर होता, तो दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या लग्नसमारंभाबद्दल गात होता: हातात ग्लास नसताना या हातांचं करायचं काय? गाणंभर तो बापडा ते हात कधी खिशात घालतो, कधी पाठीमागे बांधतो. एक मुलगी मेलेल्या आजीच्या कोटाच्या खिशात सापडलेल्या बसच्या तिकिटावर गात होती. आणि एक बाई होती, औषधांच्या दुकानात गोळ्या मोजता मोजता गाणी रचणारी. तिचा आवाज थोडा खरखरीत, पाट्यावर काही वाटून झाल्यावर पाटा धुताना येतो तसा. त्या आवाजात सूर पक्का होता, पण मिरवणं नव्हतं. दक्षताला वाटलं, ही बाई गात नाहीये, ही आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बोलतेय, आणि बोलता बोलता तिचं बोलणं सुरात पडतंय.

या बाईच्या एका गाण्यात तर काही म्हणजे काही घडत नव्हतं. एक बाई कामावरून येते, घरासमोर गाडी उभी करते, इंजिन बंद करते, आणि उतरायच्या ऐवजी तशीच बसून राहते. स्वयंपाकघरातला दिवा दिसतोय. आतली माणसं तिची वाट बघतायत. सगळ्यांवर तिचा जीव आहे. तरी ती बसून राहते. मग उतरते आणि आत जाते. संपलं गाणं.

दक्षता डुलायची थांबली. बाईसाहेबांनी तत्काळ डोळे उघडून निषेध नोंदवला.

तिला आधी रागच आला. जगाच्या त्या टोकाला बसलेली एक परकी बाई आपल्याबद्दल लिहिते, गाते, छापते, आणि साधं विचारत पण नाही! मग राग उतरला आणि त्या जागी जे आलं त्याला कृतज्ञता म्हणतात, पण ते इतकं जोरात आलं की तिला नाक पुसायला बाईसाहेबांचंच झबलं वापरावं लागलं.

काही आठवडे असे गेले. मग एक दिवस बाईसाहेबांनी डावा बोंडू चोखून निकामी केला. दक्षतानं उजवा बोंडू कानात घातला, तेच गाणं लावलं आणि दचकली. त्या बाईच्या आवाजाखाली एक पुरुषी आवाज होता. खालच्या पट्टीतला, संथ, तिच्या प्रत्येक ओळीला हात देणारा. तो पहिल्यापासून तिथंच होता, पण गाण्याच्या उजव्या बाजूला. म्हणजे इतके दिवस ही बाई गाण्यात एकटी आहे अशी आपली समजूत, आणि शेजारी चांगला धडधाकट माणूस बसलेला! दक्षताला गलबलून आलं. मग शंका आली: आणखी काय काय आपण अर्धंच ऐकलं असेल?

त्या दिवशी तिनं निश्चय केला. औषधांच्या दुकानातल्या बाईची अख्खी तबकडी ऐकायची. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रमानं, मध्ये न उठता, दोन्ही कानांनी. पाऊण तासाचं काम. लोक हिमालयात गुहा मागतात, हिनं मागून मागून मागितलं काय, तर पाऊण तास. पण गुहा मिळणं सोपं असावं.

पहिला प्रयत्न सुट्टीच्या दिवशी झाला. नवरा म्हणाला, "जा तू, मी आहे ना." 'मी आहे ना' हे वाक्य नवरे फार मनापासून म्हणतात आणि त्यात खोटंही काही नसतं. ते असतातच. दक्षतानं नवे इयरफोन घातले, झोपायच्या खोलीचं दार लावलं. पहिल्या गाण्याची गिटार सुरू झाली आणि दार उघडलं.

"अगं, तिचं पिवळं झबलं कुठाय?"

"दुसऱ्या खणात."

"बरं बरं, ऐक तू." दार बंद. गिटार. दार. "दुसरा म्हणजे वरून की खालून?"

"वरून."

"ऐक तू, मी बघतो." दार बंद. बाई गायला लागली. दार. "हे बघ, तू अजिबात उठू नकोस. फक्त एवढंच सांग, तिनं कागद गिळला तर चालतो का?"

कागद इवलासा होता आणि गिळलेला नव्हता, टाळूला चिकटला होता. पण दक्षताची तबकडी तिथंच बुडाली.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी बाई, आपल्याला कान आहेत हेच पोरं शाळेत जाईपर्यंत आठवलं नाही." आईनं फोनवर सांगितलं, "बाळ जरा मोठं झालं की ऐक."

"जरा म्हणजे किती गं?"

"लग्न होऊ दे तिचं."

शेवटी एका कामाच्या दिवशी, दुपार कलताना, तिला गाडी आठवली. नवरा ऑफिसला दुसऱ्याच्या गाडीतून जायचा, त्यामुळे यांची गाडी इमारतीखाली उभी असायची. त्यात डाव्या-उजव्या दोन्ही दारांत स्पीकर. दारांना आतून कुलूप. आणि गाडीत झबलं नसतं, खण नसतो! बाईसाहेब जागी आणि खुशीत होती. दक्षतानं तिला सासूबाईंच्या मांडीवर दिलं.

सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर कानाला यंत्र लावून त्यांनी इकडच्या माणसाचं तिकडच्या माणसाशी बोलणं जोडून दिलं, पण स्वतः बोलायच्या त्या ट्रंककॉलसारख्या: कामापुरतं, आणि वेळ संपायच्या आत.

"आई, जरा खाली जाऊन येते."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. लाइन कट.

गाडीत बसून दक्षतानं काच थोडी खाली ठेवली. बाळ रडलं तर ऐकू यायला नको का? पहिलं गाणं सुरू झालं. अहाहा! डावीकडे गिटार, उजवीकडे व्हायोलिन, आणि ती बाई बरोबर मधोमध, गाडीच्या काचेवर बसल्यासारखी. दक्षतानं डोळे मिटले. काचेवर टकटक झाली.

वॉचमनकाका होते. "ताई, किल्ली हरवली का?"

"नाही काका."

"मग गाडी सुरू होत नाहीये?"

"होते की."

"कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

काका एकदा फाटकाकडे आणि एकदा गाडीकडे बघायला लागले. ज्या माणसानं हयात फाटकावर काढली त्याला जगात दोनच गोष्टी ठाऊक असतात, आत येणं आणि बाहेर जाणं. तिसरी अवस्था त्यांच्या अनुभवात बसेना. ते सेक्रेटरींना घेऊन आले.

"वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, "पार्किंग वाहनांसाठी आहे. माणसांसाठी नाही."

"मी वाहनातच आहे."

"तीच तर अडचण आहे. उभ्या वाहनात माणूस दिसला की ते वाहन उभं आहे की निघालंय, हे कमिटीला समजायला काही मार्ग नाही."

"असा नियम आहे का?"

"नाही ना! आजवर कुणी बसलंच नाही, म्हणून नियम नाही. आता करावा लागणार." आणि तुम्ही आमच्या डोक्याला हा नसता ताप दिलात, अशा नजरेनं बघत ते नियम करायला निघून गेले.

एवढ्यात तिसरं गाणं लागलं. ते घर सोडून जाणाऱ्या बाईचं होतं. दक्षताचे डोळे पाझरायला लागले, कारण गाणंच तसं होतं. त्यातली बाई जाताना सगळ्या कुंड्यांना पाणी घालून जाते. काकू वरच्या गॅलरीतून हे पाझरणं बघत होत्या. आणि पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंग्रजीचे सर हातात पिशवी घेऊन नेमके गाडीशेजारून चालले होते. सरांनी आयुष्यभर मुलांना एकच प्रश्न विचारला होता, कवीला इथे काय सुचवायचे आहे? उघड्या काचेतून इंग्रजी कविता ऐकू आल्यावर ते थबकणारच. त्यांनी दोन कडवी ऐकली, गंभीर झाले आणि लगबगीनं जिना उतरणाऱ्या काकूंना म्हणाले, "गाण्यातली स्त्री म्हणते, मी निघाले. जेवण झाकून ठेवलं आहे. मला शोधू नका."

निरोप वर चढत गेला. चढताना 'गाण्यातली' हा शब्द दुसऱ्या मजल्यावरच दम लागून बसला. बाकीचा निरोप मात्र गच्चीपर्यंत पोचला, आणि तिथून फोनवरून दक्षताच्या नवऱ्याच्या ऑफिसात आणि तिच्या माहेरी.

सहावं गाणं चालू असताना नवरा ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून धावत आला. पाठोपाठ टॅक्सीतून आई-बाबा उतरले. आईच्या हातात बॅग होती, चार दिवस राहायच्या तयारीची. गाडीभोवती निम्मी इमारत जमली. मध्ये काचेआड दक्षता, नाक लाल, केस विस्कटलेले, प्राणिसंग्रहालयातल्या एखाद्या दुर्मिळ आणि जराशा आजारी पक्ष्यासारखी. "उतर बाळा," बाबा म्हणाले, "काही असलं तरी आपण आहोत." आणि तिला उतरावंच लागलं. तबकडी पुन्हा अर्ध्यात राहिली.

वर बाहेरच्या खोलीत सभा भरली. नवऱ्याचा चेहरा पडलेला. "माझं काय चुकलं ते सरळ सांग."

"काही नाही रे."

"बघा! 'काही नाही' म्हणतेय!" नवरा सगळ्यांकडे बघून म्हणाला. काकूंनी सुस्कारा सोडला. 'काही नाही'चा अर्थ त्यांनाही माहीत होता.

"आई," दक्षता म्हणाली.

"काय?" दोन आया एकदम म्हणाल्या.

"मला गाणी ऐकायची होती. एवढंच. एक तबकडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

इतकं साधं कारण कुणाच्याच पचनी पडेना.

"अगं, पण गाणी काय घरात ऐकता येत नाहीत?" आई म्हणाली. "आणि चहाची पावडर कुठं ठेवतेस तू?"

"तेच म्हणतो मी," नवरा म्हणाला, "घरात कोण अडवतंय तिला? अगं, हिचा लंगोट बदलायला झालाय बहुतेक, तू बघतेस का?"

"घरात निवांत ऐकावं," काकू म्हणाल्या. "जरा पाणी आण गं आधी मला."

दक्षतानं पावडर दाखवली, लंगोट बदलला, पाणी आणलं. आपण आत्ता काय बोललो हे तिघांपैकी एकालाही जाणवलं नाही.

शेवटी सरांनी तोडगा काढला. "आरोप गाण्यांवर आहे, तर गाणी ऐकू. मी संदर्भासह स्पष्टीकरण देतो." नवऱ्यानं स्पीकर आणला. सर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि हात वर करून, खडू धरल्यासारखी बोटं करून, गाणी सोडवायला लागले. "कवयित्री म्हणते, माझ्या कुंड्यांना तूच आता पाणी घाल. इथे कुंडी म्हणजे संसार." वेल्डरच्या गाण्याला बाबा पहिल्यांदा बोलले, "बरोबर आहे त्याचं. मी सिगरेट सोडली तेव्हा माझेही हात असेच झाले होते," आणि आई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं हातांबद्दल विचारलंच नव्हतं.

मग ते गाणं लागलं. सर दोन ओळी बोलले आणि थांबले.

"पुढं काय हो सर?" काकू.

"पुढं... ती गाडीत बसलीये."

"मग?"

"बसलीच आहे."

"कुणाची वाट बघतेय?"

"कुणाचीच नाही."

"नवऱ्याशी भांडलीये?"

"तसं काही दिसत नाही." सरांनी चष्मा काढून पुसला. "आता उतरली. घरात गेली."

"एवढंच?"

"एवढंच."

कवयित्रीला इथे काय सुचवायचे आहे, हे सरांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. जरा वेळानं काकू खालच्या आवाजात, बहुधा स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणून तर मी कचरा टाकायला स्वतः जाते." काकू घरात दोन गडीमाणसं असताना दिवसातून तीनदा कचरा टाकायला का जातात, हे इमारतीला पडलेलं जुनं कोडं होतं.

"पुन्हा लावा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. एक तळवा कानावर, पूर्वी यंत्र असायचं तिथं. गाणं पुन्हा लागलं. त्यांनी ते उभ्यानंच ऐकलं, मान किंचित कलती ठेवून, आणि मध्येच म्हणाल्या, "मागं एक पुरुष आहे. लाइनवर दोघं आहेत."

दक्षताला जे कळायला बोंडू बिघडावा लागला ते यांनी भर सभेत, खुर्च्यांच्या कुरकुरीत, एका झटक्यात टिपलं! तिला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं. पण गाणं संपलं आणि सासूबाई आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. इतर कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. दक्षताच्या आलं, कारण मोरीत धुवायला एक चमचासुद्धा नव्हता. सगळी भांडी तिनंच घासून पालथी घातली होती. नळ बराच वेळ वाहत राहिला.

बाहेर आल्या त्या पदर सावरत, आवाज एकदम ऑफिसातला. "बाळ आजोबांकडे. विहीणबाई, चहा तुम्ही बघा, पावडर कळलीच आहे. तू रे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घाल. काकू आणि सर, उद्या या. आणि तू," त्या दक्षताला म्हणाल्या, "खाली जा. पहिल्यापासून ऐक. शेवटचं गाणं संपायच्या आत वर पाऊल टाकलंस, तर माझी शपथ आहे तुला."

"पण कमिटीनं आत्ताच..." दारात सेक्रेटरी नव्या नियमाची सूचना घेऊन उभे होते.

"कमिटीला सांगा," सासूबाई म्हणाल्या, "लाइन बिझी आहे."

तेव्हा दक्षता आता खाली गाडीत बसली आहे. वॉचमनकाका गाडीकडे पाठ करून, छाती काढून उभे आहेत. आत येणं आणि बाहेर जाणं यांच्यामध्ये तिसरं काहीतरी असतं आणि त्यालाही पहारा लागतो, हे त्यांनी मान्य केलेलं दिसतंय. पहिलं गाणं सुरू झालंय. मधोमध ती बाई, खरखरीत आणि निवांत, जणू हिच्यासाठीच दुकान लवकर बंद करून आलेली. आणि तरी दक्षता हळूच काच खाली करून इकडे तिकडे बघतेय. दुसरं कुणी नाही, म्हणजे तुमच्याशीच बोलतेय.

"अहो, ऐकता का? तुम्ही वर जाताय ना? मग जरा आमच्याकडे डोकावून या. बाळाकडे नका बघू. म्हणजे बघितलंत तर बघा, मान नीट धरलीये ना बाबांनी एवढं फक्त. पण बाळाकडे तीन माणसं आहेत. तुम्ही आमच्या सासूबाईंकडे बघा. स्वयंपाकघरात असतील. फोन करून उपयोग नाही, 'सगळं ठीक' म्हणून ठेवून देतील. फोन आपल्यासाठीही वाजू शकतो हे त्यांना कधी पटलेलंच नाही. तुम्ही समोर जाऊन उभे राहा. 'मला काय धाड भरलीये' म्हणतील, तर तिकडे लक्ष देऊ नका. नळ चालू असेल तर आधी बंद करा. आणि सांगा, शेजारच्या सीटवर कुणी बसलेलं नाही, दाराला कडीही लावलेली नाही, आणि ते गाणं यायला अजून बराच अवकाश आहे. वर न यायची शपथ त्यांनी मला घातलीये. खाली न यायची त्यांना कुणी घातलेली नाही. जाता ना? लिफ्ट हळू आहे, जिन्यानं जा."